कुशादासीला चाललात, तर लादेची टेकडी बघा

वहिनी: तिकिटं झाली! सप्टेंबरात तुर्कस्तानात कुशादासी, पाच रात्री. मुलांना समुद्रात डुंबायचंय, आईंना जुनी ठिकाणं बघायचीत. आत्या, तुम्ही जाऊन आलाय, काय काय बघू सांगा ना.

आत्या: अगं वा! इफेसस हे प्राचीन शहर आधी. वीसेक किलोमीटरवर आहे. तिथल्या सेल्चुक गावाला जाणारी डोलमुश मिळते, म्हणजे आपली वडापच. पण ती खालच्या फाट्यावर सोडते. माझ्या वहिनी, म्हणजे तुमच्या आई, बरोबर आहेत तर टॅक्सीने वरच्या दाराशी उतरा, तिथून सगळा उतार आहे. संगमरवरी फरसबंदी पार गुळगुळीत झालीये, बूट घाला. सावली जवळजवळ नाहीच, आठ वाजताच पोचा.

आई: माझ्या गुडघ्यांचं बघते मी. तिथलं ते ग्रंथालय खरंच उभं आहे का गं?

आत्या: वहिनी, तुम्ही इतकी वर्षं ग्रंथालयात काढलीत, तुम्हाला तर तिथून हलवणार नाही. सेल्सस नावाच्या रोमन अधिकाऱ्यासाठी त्याच्या मुलाने बांधलं, दुसऱ्या शतकात. वर पोथ्यांच्या गुंडाळ्या आणि खाली बापाची कबर! भूकंपात कोसळलेला दर्शनी भाग पुरातत्त्वज्ञांनी १९७० ते ७८ मध्ये तुकडा तुकडा जुळवून परत उभा केला.

दादा: आत्या, एक दिवस इफेसस आणि बाकी समुद्र, चालेल ना? मुलं दगड बघून कंटाळतात.

आत्या: नाही रे, आणखी एक दिवस दे. प्रीएने, मिलेट, दिदिमा, अशीच प्राचीन ठिकाणं. तिन्ही एका दिवसात होतात. इफेससच्या मोठ्या थिएटरसमोरून एक रुंद रस्ता निघतो आणि झुडपात संपतो. तिथे बंदर होतं! नदीच्या गाळाने ते बुजलं, समुद्र आता पाच-सहा किलोमीटर लांब गेलाय. मिलेटचंही तेच. थेलीस या ग्रीक तत्त्वज्ञाचं गाव ते, चार बंदरं होती म्हणतात. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये लादे बेटाजवळ इराणी आरमाराने ग्रीकांचा पराभव केला. ते बेट आज शेतातली टेकडी आहे. जिथे शेकडो जहाजं लढली तिथे कापूस पिकतो. मुलांना हे तिथे उभं राहून सांग, कंटाळतात का बघ.

वसईचे काका: आमच्या सोपाऱ्यासारखंच म्हणायचं. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी वर्णनात नाव असलेलं बंदर, आणि आज नालासोपाऱ्यात कोणाला बंदर दाखवा म्हटलं तर तोंडाकडे बघतात.

आत्या: अगदी तेच मनात आलं होतं माझ्या तिथे!

वहिनी: टूर घ्यायची की गाडी?

आत्या: गाडी करा. आमच्या टूरवाल्याने मध्येच चामड्याच्या दुकानात तासभर बसवलं आणि मिलेटला जेमतेम चाळीस मिनिटं उरली. अजून वाईट वाटतं मला. टूरच घेतली तर दुकान नको असं आधीच ठरवून घ्या.
प्रीएनेला चढ आहे, वहिनींनी सावकाश चढावं. कड्याखाली अथेनाच्या देवळाचे पाच खांब आहेत, खाली सगळं नदीचं मैदान पसरलंय.
दिदिमा मात्र सपाटीला. अपोलोचं देऊळ, १२२ खांबांचं ठरलं होतं, शेकडो वर्षं काम चालून पुरं झालंच नाही. तीन खांब उभे आहेत, जवळजवळ वीस मीटर उंच. एक आडवा पडलाय, नाण्यांची चवड कलंडावी तसा. आतल्या भिंतींवर कारागिरांनी बारीक रेघांनी कोरलेले बांधकामाचे आराखडे १९७९ मध्ये सापडले. उन्हात दिसणं कठीण, पण त्या भिंतींपाशी जराशी थांबाच.

दादा: ठीक आहे, गाडी सांगतो. आर्टेमिसचं देऊळ राहिलं की, सात आश्चर्यांतलं?

आत्या: सेल्चुकमध्येच आहे, दहा मिनिटं पुरतात. उरलेल्या तुकड्यांचा रचलेला एक खांब आणि त्यावर करकोच्याचं घरटं.

आई: मला ती टेकडी बघायची आहे. कुठून दिसते?

आत्या: मिलेटच्या थिएटरच्या अगदी वरच्या पायरीवर जा, वहिनी, आणि पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहा.