मदत हवी आहे: गिऱ्हाईक फोटो माझ्या पानावर टाकू देत नाही, पुढचं काम मिळवायचं कसं?

ऋतू_क
जरा तातडीचं आहे. काम झालं, पैसे मिळाले, गिऱ्हाईक खूश. मी त्यातले दोन फोटो इन्स्टावर टाकले तर लगेच फोन, "काढून टाका. पैसे आम्ही दिलेत, फोटो आमचे." केलेलं काम दाखवायचंच नाही तर नवीन काम येणार कुठून? शुक्रवारी दुसऱ्या लॉटसाठी त्यांच्याकडेच जायचंय, त्याआधी काय बोलायचं ते ठरवायचंय. "नेटवर्किंग करा" छापाचे सल्ले कृपया नकोत.

अर्धगोल
कसले फोटो? लग्नाचे, बाळाचे, जेवणाचे? गाव कुठलं? काही लिखापढी? यातलं काहीच न सांगता उत्तर मागताय.

हौशी_लेन्सवाला
कसले त्यांचे! ज्याने बटण दाबलं तो मालक. कॉपीराइट आपोआप तुमचा. ठणकावून सांगा आणि पुढच्या वेळेपासून मधोमध वॉटरमार्क टाका.

मंगलाताई
दुसरी बाजूही बघा. माझ्या भाचीच्या लग्नाचे फोटो त्या फोटोग्राफरने कुणाला न विचारता जाहिरातीला वापरले. हळदीचे सुद्धा. आधी विचारायला काय जातं?

ऋतू_क
लग्नाचे नाहीत हो! प्रॉडक्टचे. भांड्यांचे. पुणे. लिखापढी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर रेट ठरला आणि अ‍ॅडव्हान्स जीपेवर आला, सगळे तसंच करतात.

कलम_सतरा
हौशी, तुमचं म्हणणं अमेरिकेत बरंचसं खरं आहे, इथे नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम १७ म्हणतं की निर्माता हा पहिला मालक, पण त्याच कलमाच्या (बी) मध्ये फोटोला अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट काही ठरलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे ऋतूताई, तुमचं गिऱ्हाईक बरोबर बोलतंय.

कलम ५७ प्रमाणे फोटो आपण काढला हे सांगायचा हक्क तुमच्याकडे राहतो. पण त्याच्या जोरावर फोटो स्वतःच्या पानावर लावता येत नाही.

यातली कळ "उलट काही ठरलं नसेल तर" या शब्दांत आहे. कोटेशनमध्येच लिहा: कॉपीराइट फोटोग्राफरकडे, ग्राहकाला अमुक वापराचा अमुक मुदतीसाठी परवाना, आणि फोटोग्राफरला स्वतःच्या प्रसिद्धीसाठी वापरायची मुभा. खाली त्यांची सही. मुदत लिहायला विसरू नका, नाही लिहिली तर कायदा ५ वर्षं धरतो.

हौशी_लेन्सवाला
मग जुने स्टुडिओवाले फोटोच्या मागे शिक्के मारायचे ते काय उगाच?

कलम_सतरा
शिक्का म्हणजे करार नव्हे. समोरच्याने आधी मान्य केलेलं असावं लागतं.

मंगलाताई
म्हणजे भाचीचे फोटो कायद्याने आमचेच? कळवते तिला.

कलम_सतरा
काम कुणी सांगितलं, पैसे कुणी दिले? मुलीकडच्यांनी की मुलाकडच्यांनी?

मंगलाताई
निम्मे निम्मे.

पेठकर
कायदा बाजूला ठेवा हो, शुक्रवारी त्या माणसासमोर बसून कलमं वाचणार आहात का? मी जाहिरातीचे फोटो काढून निवृत्त झालो, म्हणून सांगतो. मालक नाही का म्हणाला ते विचारलंत? बहुतेक वेळा कारण साधं असतं. माल अजून बाजारात आलेला नसतो, किंवा शेजारचा डिझाइन उचलतो. अशा वेळी "माल बाजारात आल्यावर दोन महिन्यांनी मी टाकते, दुकानाचं नाव घालून" म्हटलं की निम्मे मालक तयार होतात. त्यांचीही फुकट जाहिरात होते.

आणि दर नगावर सांगत असाल तर ते बंद करा. वेबसाइटचा दर वेगळा, पॅकिंगवर छापायचा वेगळा, होर्डिंगचा वेगळा. एकदा फाइल गेली की ती कुठे कुठे फिरेल याचा नेम नाही.

कसली भांडी?

ऋतू_क
तांब्याची, मठारकामाची, म्हणजे हातोडीने ठोके घातलेली. तांबट आळीतल्या कारागिरांकडून करून घेतात. आणि नगावरच सांगितलाय दर, दुसरं कुणी काही विचारतच नाही.

अर्धगोल
तुमचं पान पाहिलं (लिंक प्रोफाइलमध्ये आहे). रागावू नका, पण वर बारसं, खाली मिसळ, मध्ये कुणाचा तरी प्री-वेडिंग, आणि भांडं एकही नाही. मला भांड्यांचे फोटो काढून घ्यायचे असते तर मी पुढे सरकलो असतो. दुसरं पान काढा, फक्त धातू आणि काच.

ऋतू_क
भांडं नाही कारण काढायला लावलं!! तोच तर धागा आहे.

पेठकर
मग स्वतःसाठी काढा की. जाहिरातीतले फोटोग्राफर पोर्टफोलिओ असाच बांधतात. टेस्ट शूट करायचं, म्हणजे कुणी न सांगितलेलं, आपल्या खर्चाने, आपल्या मनासारखं. भांडं आपण आणलेलं, मोबदला नाही, मग कलम_सतरांचा अपवादही लागू नाही. तसंही गिऱ्हाइकाच्या कामातले निम्मे फोटो दाखवण्यासारखे नसतात. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोला शुभ्र पार्श्वभूमी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायचा, शेजारी काही ठेवायचं नाही. असे फोटो सगळ्यांचे सारखेच दिसतात, त्यातून तुमची नजर कुणाला कळणार?

हौशी_लेन्सवाला
तांबं असेल तर लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा, सगळी चमक जाते. माझ्याकडे ७७ मिमीचा पडून आहे, हवा असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

पेठकर
काचेवरची जाते, पाण्यावरची जाते. उघड्या धातूवरची नुसत्या लेन्सवरच्या पोलरायझरने जात नाही. दिव्यावरही पोलरायझिंग फिल्म लावावी लागते. आणि चमक घालवायचीय कशाला? मठारकामाला चमकेसाठीच पैसे मोजतात लोक.

ऋतू, तुम्ही लाइट टेंट (वस्तूभोवतीचा पांढऱ्या कापडाचा तंबू) वापरता का? चारी बाजूंनी सारखा उजेड पडला की ठोक्यांचे खळगे सपाट होतात आणि भांडं प्लॅस्टिकचं वाटायला लागतं. त्याऐवजी एका बाजूने मोठा ट्रेसिंग पेपर ताणा, त्यामागे दिवा. समोरच्या बाजूला, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काळा कार्डबोर्ड उभा करा. प्रत्येक खळग्याला एक उजळ कड आणि एक काळी कड मिळते, हातोडीचा ठोका न् ठोका मोजता येतो. कार्डबोर्ड दोन बोटं सरकवलात तरी चित्र बदलतं, म्हणून तो सरकवत बसायचा, दिवा नाही. अंगात रंगीत कपडे नकोत, भांड्याच्या पोटात दिसतात.

घासायची पावडर नीट धुऊन काढा. खळग्यात एखादा कण अडकतो, डोळ्यांना दिसत नाही, अगदी जवळून घेतलेल्या मॅक्रो फोटोत भाताच्या शितासारखा दिसतो. हातमोजे घाला, बोटांचे ठसे नंतर फोटोशॉपमध्ये काढताना जीव जातो.

बदलापूरकर
एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर फोटो काढा, एआयला म्हणा "दिवाळीचं वातावरण". मी स्वतः पाटावर ठेवलेली समई करून पाहिली, सुंदर आली.

अर्धगोल
वातींसकट किती ज्योती आल्या ते मोजलंत का?

बदलापूरकर
बरं, सहा आल्या. पण समयीला पाचच असतात असं कुठे लिहिलंय?

पेठकर
ऋतूचं गिऱ्हाईक हाताने ठोकलेलं भांडं विकतंय. फोटोत एक आणि घरी आलेल्या खोक्यात दुसरंच निघालं की भांडं परत येतं. मागचा पडदा एआयचा करा हवा तर, भांड्याला हात लावू नका.

नाना_फोर्ट
थोडं अवांतर. गौतम राजाध्यक्षांनी काढलेले नटनट्यांचे चेहरे सगळ्यांना आठवतात, पण ते आधी लिंटास या जाहिरात संस्थेत होते हे किती जणांना माहीत असतं? आणि मित्तर बेदी (१९२६–१९८५) तर कारखाने, यंत्रं, धुराडी यांचेच फोटो काढून मोठे झाले. कंपन्यांचं काम म्हणजे हलकं काम असं समजणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत. इन्स्टा नव्हतं तेव्हा आम्ही प्रिंट्सची पेटी काखेत मारून एजन्सीच्या आर्ट डायरेक्टरकडे जायचो. दहा-बारा प्रिंट, जास्त नाही. पहिल्या तीनमध्ये त्याने मान वर केली नाही तर चहा पिऊन निघायचं.

अर्धगोल
हे अवांतर नाही, हाच मुद्दा आहे. ऋतू, पीडीएफ करा, दहा फोटो, आणि भांडी विकणाऱ्यांना थेट पाठवा. इन्स्टावर लाइक देणारे बहुतेक फोटोग्राफरच असतात, ते काम देत नाहीत.

ऋतू_क
जाऊन आले. पेठकरकाका, तुमचंच खरं निघालं, नवीन डिझाइन शेजारी उचलतो म्हणून त्यांना भीती होती. दिवाळीनंतर टाका म्हणाले, दुकानाला टॅग करून. कोटेशनवर सही पण केली, फक्त "कॉपीराइट फोटोग्राफरकडे" ही ओळ वाचून बराच वेळ गप्प बसले. शेवटी ती खोडली आणि "प्रसिद्धीसाठी वापरायला हरकत नाही" ठेवलं. चालेल ना?

कलम_सतरा
तुमच्या आत्ताच्या गरजेपुरतं चालेल. मालकी त्यांचीच राहिली, त्यामुळे ते फोटो तुम्हाला दुसऱ्या कुणाला विकता येणार नाहीत. खोडलेल्या ओळीशेजारी दोघांची छोटी सही घ्या. आणि पहिल्या लॉटलाही ही मुभा लागू आहे असं लिहून घ्या, नाहीतर इन्स्टावरून काढलेले ते दोन फोटो तसेच राहतील.

पेठकर
वापर लिहिलात का?

ऋतू_क
वेबसाइट आणि सोशल मीडिया, एक वर्ष. होर्डिंगचे वेगळे म्हटल्यावर "होर्डिंग कोण लावतंय" म्हणून हसले. टेस्ट शूटला एक घंगाळ मात्र आपणहून दिलं, दोन दिवसांच्या बोलीवर. काळा कार्डबोर्ड किती मोठा लागेल त्याला?

पेठकर
घंगाळ केवढं आहे? परत तेच, माप न सांगता विचारताय.

हौशी_लेन्सवाला
पोलरायझर अजून आहे.