20 एमबीची फाइल 25 एमबीच्या मर्यादेत का मावत नाही

काहींचं म्हणणं असतं की ईमेलची मर्यादा 25 एमबी, जोडलेली फाइल 20 एमबी, तरी मेल परत येते म्हणजे सर्व्हरच गंडलाय. सर्व्हरचं बरोबर आहे हो! मर्यादा फाइलला नसते, अख्ख्या मेलला असते, आणि जोडलेली फाइल मेलमध्ये आहे तशी जात नाही. 1982 चा एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवण्याचे नियम, फक्त 7 बिटांचा साधा मजकूर वाहून नेण्यासाठी होता. 1992 मध्ये माइम, म्हणजे मेलला फाइली जोडण्याची पद्धत, आलं तेव्हा त्याच वाटेनं फाइली पाठवायला बेस64 ची, म्हणजे फाइल साध्या अक्षरांत लिहिण्याची, सोय झाली. त्यात दर 3 बाइटची 4 अक्षरं होतात, शिवाय दर 76 अक्षरांनी नवी ओळ. तुमची 20 एमबी अशी सव्वासत्तावीसच्या पुढे जाते. 25 च्या मर्यादेत 18 एमबीपर्यंतचीच फाइल धरा.

अशा वेळी फाइल झिप करण्याचा नेहमीचा सल्ला लॉग किंवा सीएसव्हीला उत्तम, पण जेपीईजी आधीच दाबलेली असते, तिथे काही हाती लागत नाही. त्यापेक्षा मेल स्क्रिप्टने पाठवत असाल तर तिलाच आधी सर्व्हरची मर्यादा विचारू द्या. ईएचएलओला, म्हणजे जोडणी होताच स्क्रिप्ट करते त्या नमस्काराला, उत्तर देताना बरेच सर्व्हर साइज या नावाखाली आपली मर्यादा बाइटमध्ये सांगतात, आणि पायथनच्या एसएमटीपीलिब या मेल पाठवण्याच्या लायब्ररीमध्ये ती ईएसएमटीपी_फीचर्स या डिक्शनरीत मिळते. तयार मेलची लांबी त्याच्याशी ताडून पाहा, मोठी निघाली तर फाइलऐवजी लिंक पाठवा. फक्त ही मर्यादा तुमच्या सर्व्हरची. घेणाऱ्याची त्याहून कमी असू शकते, आणि ते मेल परत आल्यावरच कळतं.