मदत हवी आहे : हंगेरियन नावं मराठीत कोणत्या क्रमाने लिहावीत?

शाळेच्या वाचनालयासाठी 'शान्दोर' या हंगेरियन नावाच्या माणसांवर भित्तिपत्रक करतोय. कवी पेतोफी, १९५४च्या विश्वचषकात ११ गोल करणारा कोचिश आणि माझा सर्वांत लाडका कोरोशी चोमा. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ मध्ये कोलकात्यात छापला गेला, १८४२ मध्ये तो दार्जिलिंगला वारला. केवढं काम!

हंगेरीत आडनाव आधी : पेतोफी शान्दोर. इंग्रजी पुस्तकांत उलट. उच्चार ऐकून 'सान्दोर' नव्हे, 'शान्दोर' हे पक्कं केलंय. मराठी संदर्भ चाळले, पण क्रमाचा एकच नियम दिसला नाही. वाचणारी मुलं पाचवी-सहावीची, तळटीपेला जागा नाही, रोमन लिपी नको.

अनुवाद किंवा कोशाचं काम केलेल्यांनी सांगावं : मूळ क्रम ठेवू, की आपल्या सवयीचा 'शान्दोर पेतोफी'?