ठुशीचे मणी कास्टिंगने करावेत का?

एडिसनकर: बाबा मूळचे कोल्हापूरच्या गुजरीतले, म्हणजे तिथल्या सराफ बाजारातले. इथे न्यू जर्सीत आम्हा बापलेकांचं छोटं वर्कशॉप आहे. मी कॉम्प्युटरवर डिझाइन करतो, ते घडवतात. ठुशीचा एकेक मणी ते पत्र्याच्या दोन वाट्या ठोकून, डाग देऊन (झाळून) जोडतात. फार वेळ जातो. मी मेणाचा नमुना काढून कास्टिंग करू, म्हणजे त्यावरून केलेल्या साच्यात वितळलेलं सोनं ओतू म्हणतो, तर ते बोलेनासेच झालेत. त्यांना दुखवायचं नाहीये. काय करू?

गुजरीवाला: मण्यांपुरतं बाबांचंच ऐक. त्यांचा मणी आतून पोकळ असतो. कास्टिंगचा भरीव निघेल, वजन वाढेल, किंमतही. कास्टिंग पदकाला वापर.

सोनपरी: इथली मुलं 14 कॅरेट मागतात, म्हणजे 58.5 टक्केच सोनं. रोज घालायला टणक, पण ठुशीचा तो पिवळाधमक रंग 22 लाच. आणि कॅरेटचा शिक्का मारलात तर शेजारी तुमचा ट्रेडमार्कही हवा, इथला कायदाच आहे.

एडिसनकर: वजनाचं डोक्यातच आलं नव्हतं. पदकाला बाबा तयार आहेत, फक्त पॉलिश तेच करणार म्हणतात. चालेल!