बुडालेल्या जहाजांचे जतन : हौशी पाणबुड्यांचा उपयोग किती?

सागरवेडी :
ग्रीसमध्ये अलोनिसोस बेटाजवळ पेरिस्टेरा येथील प्राचीन जहाजाचे अवशेष 2020 पासून हौशी पाणबुड्यांना पाहता येतात, असे वाचले. पाहुण्यांच्या वर्दळीने ते खराब होणार नाहीत का? माझ्याकडे ॲडव्हान्स्ड डायव्हिंगचे प्रमाणपत्र आहे. जतनाच्या कामात माझा काही उपयोग होऊ शकेल का?

तांडेल :
पेरिस्टेराचे जहाज इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातले. त्याचे लाकूड बहुतेक नष्ट झाले असले, तरी प्राचीन ग्रीसमधील मेंडे आणि पेपारेथोस (आजचे स्कोपेलोस) येथील मद्याच्या हजारो कुंभांचा ढीग जहाजाचा आकार राखून तळाशी पडून आहे. कुंभ वर काढले तर तो आकारच मोडेल. पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयीच्या युनेस्कोच्या 2001 च्या करारातही अवशेष जागीच जपण्याचा पर्याय प्रथम विचारात घ्यावा, असे म्हटले आहे. पेरिस्टेरा येथे परवानाधारक मार्गदर्शकासोबतच उतरता येते आणि पाण्याखालील कॅमेरे लक्ष ठेवतात. जागा सर्वांना ठाऊक झाल्यावर बंदीपेक्षा अशी देखरेख अधिक उपयोगी, असे माझे मत आहे.

गंजलेला नांगर :
मातीच्या कुंभांचा न्याय लोखंडी जहाजांना लावू नये. समुद्रात लोखंडावर साचलेला कठीण थर गंजण्याचा वेग कमी करतो. नांगराच्या किंवा फिनच्या (पाणबुड्याच्या पायातील वल्ह्यासारख्या पट्टीच्या) धक्क्याने तो निघाला, की आतला धातू पुन्हा उघडा पडतो. नांगराचे असे धक्के टाळण्यासाठी अमेरिकेत ह्युरॉन सरोवरातील थंडर बे या बुडालेल्या जहाजांच्या अभयारण्यात बोटी बांधण्यासाठी बोये (तरंगते गोळे) ठेवलेले असतात, म्हणजे अवशेषांवर नांगर टाकावा लागत नाही.

किनारा :
आपला उपयोग नोंदी ठेवण्यात होईल. ब्रिटनमधील नॉटिकल आर्किऑलॉजी सोसायटी हौशी पाणबुड्यांना मोजमाप आणि छायाचित्रणाचे प्रशिक्षण देते. ‘मेरी रोझ’ ही सोळाव्या शतकात बुडालेली इंग्लिश युद्धनौका 1982 मध्ये वर काढण्यापूर्वी तिच्या उत्खननात शेकडो स्वयंसेवक पाणबुडे उतरले होते. एकाच जागेची, कडा एकमेकींवर येतील अशी छायाचित्रे ठरावीक काळाने घेतली, तर फोटोग्रामेट्रीने (छायाचित्रांवरून मोजमाप करण्याच्या तंत्राने) त्रिमितीय प्रतिकृती तयार करून झीज ताडून पाहता येते. मात्र ज्याचा पाय तळाला लागतो, त्याने आधी तरंगण्यावर ताबा मिळवावा.

गोव्याजवळील सुंची रीफ येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला सतराव्या शतकाच्या आरंभीच्या पोर्तुगीज जहाजाच्या तोफा, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. ती जागा उथळ आहे, त्यामुळे पावसाळी लाटांच्या माऱ्यात सुट्या वस्तू जागीच ठेवण्याचा आग्रह तेथे धरता येणार नाही. मोठ्या तोफांचा विचार वेगळा करावा.