बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, इंटर्नशिप हवी असेल तर नेमकं कुणाला भेटायचं?

खानापूरचा_मेक: नमस्कार मंडळी. मी बेळगावात मेकॅनिकलला आहे, सातवं सेम चालू. व्हीटीयूच्या (आमच्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या) २०२२ च्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी लांबची इंटर्नशिप करावीच लागते, आणि आमच्या वर्गातली निम्मी पोरं पैसे भरून ऑनलाइन सर्टिफिकेट घेऊलाल्यात. मीही मागच्या सुट्टीत एका ठिकाणी तसे पैसे भरले, चार व्हिडिओ बघितले आणि पीडीएफ आलं, शिकलो काहीच नाही. रोज बसनं तिसऱ्या रेल्वे गेटवरून येताना उद्यमबागेतली शेडं दिसतात, आत मशीन चालू असतात, पण आत जाऊन विचारायचं कुणाला? ओळख नसली की घेत नाहीत म्हणतात, खरं आहे काय?

लेथवाला_काका: बाळा, माझं उद्यमबागेतच जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट करून द्यायचं, शॉप आहे, अकरा माणसं. खरं सांगतो, आम्हाला पोरं हवीच असतात पण कॉलेजला मेल कोण लिहिणार, मी सकाळी साडेआठपासून मशीनवर असतो. कॉलेजवाले मोठ्या कंपन्यांना बोलावतात, आम्हा लहान लोकांना कुणी विचारत नाही, आणि पोरं बायोडेटा वॉचमनकडं ठेवून जातात, तो माझ्यापर्यंत पोचतच नाही. गेल्या वर्षी एक मुलगी थेट आत आली, मी एका बुशचं ड्रॉइंग पुढं ठेवलं आणि यात टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, कुठं लिहिलंय विचारलं. तिनं बोट ठेवून H7 ही भोकाच्या मापाची टॉलरन्स म्हणजे काय ते सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून ये म्हटलं. ओळखबिळख काही नव्हती.

हत्तरगी_रिटर्न: काकांचं बरोबर आहे. त्यात एक भर घालते, डिग्री झाल्यावर नॅट्स म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नाव घाला, अप्रेंटिसशिप एक वर्षाची असते, किमान स्टायपेंडचा निम्मा वाटा केंद्र सरकार देतं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, पण चार ते एकोणतीस माणसांच्या शॉपलाही मर्जीनं घेता येतात, हे बऱ्याच मालकांना माहीतच नाही. मी बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानाच्या सुट्ट्या भागांच्या कामात होते, तिथं मला सगळ्यात उपयोगी पडलं ते मोजमाप आणि कन्नड. घरी मराठीच, पण ऑपरेटर मामांशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोललं की ते मनापासून शिकवतेत, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

लेथवाला_काका: निम्मे पैसे सरकार देतंय होय? मला खरंच माहीत नव्हतं, उद्याच अकाउंटंटला सांगतो की बघायला. आणि कॉलेजच्या सरांनी सेमला एकदा तरी दहा पोरं घेऊन या गल्ल्यांतून फिरावं, चहा आमच्याकडं. फाउंड्रीत साचा कसा भरतात, कास्टिंगला फुगे का येतात, हे वर्गात बसून कळत नाही रे.

खानापूरचा_मेक: काका, खूप आभार. मी गुरुवारी कॉलेज सुटल्यावर येऊ काय? व्हर्नियर चांगलं येतं, मायक्रोमीटरही, पण भोकाचं आतलं माप घ्यायचा बोअर गेज कधी हातात घेतला नाही.

लेथवाला_काका: ये की. बोअर गेज मी दाखवतो, कॉलेजचं लेटर नंतर आण, पत्ता मेसेज करतो. चपला घालून येऊ नको मात्र, बूट नसले की आत सोडत नाही मी कुणालाच.