बेलापूरहून बेलापूर

बी-४०३ : कुणाला रेल्वेचं कळतं का? भाच्याचं लग्न श्रीरामपूरला आहे. ॲपवर श्रीरामपूर टाकलं तर बंगालचं दाखवतंय, हावड्याजवळचं. 😭

ए-१०२ : काकू, बेलापूर टाका.

बी-४०३ : अहो, बेलापूरमध्येच तर बसलेय मी!

ए-१०२ : आपलं नवी मुंबईतलं नाही हो, नगर जिल्ह्यातलं. म्हणजे आताचा अहिल्यानगर. श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव आजही बेलापूरच आहे.

सी-६०१ : असं कसं काय? गाव एक, पाटी दुसरीच?

ए-१०२ : माझं आजोळच तिथलं, सांगतो. मूळ बेलापूर प्रवरेच्या काठी, जुनं बाजाराचं गाव. १८७८ ला दौंड-मनमाड लाइन झाली ती गावाला वळसा घालून. माळावर स्टेशन बांधलं, नाव दिलं बेलापूर रोड. बेलापूरला जायचं तर इथं उतरा आणि पुढं बैलगाडी बघा, एवढाच त्या ‘रोड’चा अर्थ.

सी-६०१ : बरं, मग?

ए-१०२ : मग पाणी आलं. प्रवरेचे कालवे निघाले, भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं. जिथं बाजरीची मारामार, तिथं ऊस न् मोसंबी. हरेगावला साखर कारखाना निघाला, तो हरेगावात असून नाव बेलापूर कंपनी! माल चढवायचा स्टेशनातच, त्यामुळे पेढ्या, अडते, हमाल, चहाची दुकानं सगळं तिथंच जमलं. त्या वस्तीचं श्रीरामपूर झालं, पुढं तालुकाही झालं. बेलापूर राहिलं गावच. रेल्वेनं नुसता ‘रोड’ खोडला. 😀

डी-२०४ : शेजारचं टिळकनगरही कारखान्यामुळेच वसलं ना? नाव लोकमान्यांचं.

ए-१०२ : हो ताई. लहानपणी मामा न्यायला यायचा. मळीचा तो आंबूस वास नाकात शिरला की आई म्हणायची, उठा, आलं श्रीरामपूर. पाटी कोण वाचतंय!

बी-५०१ : आमचं अकलूजकडचं माळीनगर घ्या. सासवडचे माळी बागायतदार नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर तिकडं आले, १९३२ ला स्वतःची साखर कंपनी काढली. गावाला ना राजाचं नाव, ना शेटजीचं. कष्ट माळ्यांचे, नाव माळीनगर.

सी-६०१ : हे झकास. वालचंदनगर मात्र शेटजींचंच.

बी-५०१ : ते इंदापुरात, नीरेच्या डाव्या कालव्यावर. डावा-उजवा फरक आहे दादा. 😄

सेक्रेटरी : उद्या १० ते १ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

ए-१०२ : काकू, पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस बघा. बेलापूरला थांबते.

बी-४०३ : मिळालं! आता आमच्या ह्यांना कुणीतरी समजवा. म्हणतायत, बेलापूरहून बेलापूरला जायला पुण्याला कशाला जायचं?